एकशे चार किलो

आर्वी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. कुंताआत्यास,
रंजिताचा शि. सा. न. वि. वि.

काल भाऊबीजेला बाबा पाटावर बसून राहिले आणि तू आलीच नाहीस. शुभम एकटा आला, आई कामात आहे म्हणाला. दिवाळीत वांग्याच्या वावरात एवढं कोणतं काम निघालं, म्हणून मी त्याला गच्चीवर नेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठं तो बोलला. तुझ्या उजव्या पायाच्या करंगळीला महिनाभरापासून जखम आहे, तू तिच्यावर हळद दाबतेस आणि चपलेत कापूस घालून फिरतेस. दुखत नाही, मग कायची चिंता, असं वर त्यालाच ऐकवतेस.

आत्या, दुखत नाही हीच चिंता. तुला साखर आहे आणि गोळ्या तू दोन वर्षांपासून आपल्या मनानं बंद केल्यास. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, जखम आत आत जाते नि माणसाला पत्ता लागत नाही. इथं दवाखान्यात मी असे पाय रोज पाहते. तू काऊन येत नाहीस, ते तरी सांग. फोन केला असता, पण तुझा फोन असा ओरडतो की अख्खं आंगण ऐकतं. म्हणून हे पाकीट शुभमच्या हाती देते. तो भाजी घेऊन बाजारात येतोच, उत्तर त्याच्याजवळ दे.

मामाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची,
रंजिता

तळेगाव (श्यामजी पंत),
६ नोव्हेंबर २०२४

चि. रंजितास,
कुंताआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुही चिठ्ठी भेटली. शुभम्याच्या पोटात एक गोष्ट टिकत नाई. अन् तू नर्स झाली का पोलीस, तेच मले समजून नाई राह्यलं.

मी बरी आहो. सांभाराच्या जुड्या बांधणं, वांगे तोडणं चालू आहे. घुडघे कुरकुर करते, चढावर दम लागते, अन् मी घोरतो म्हणून तुहे मामाजी बाहेर बाज टाकून झोपते. एवढी राबतो, दोन भाकरी खातो, तरी आंग वाढूनच राह्यलं. लोकायले वाटते, बाई दिवसभर खातच असन.

काऊन येत नाई ते तुले सांगतो, पण तुह्या बापाले सांगू नको. दोन वर्साआधी गावात शिबिर झालतं. एक पोरगी काट्यापाशी उभी राहून मोठ्यानं आकडा वाचे, दुसरी दूर टेबलावर लिहून घे. माही पाळी आली अन् तिनं एकशे चार म्हणून आवाज देला. सारी लाईन वळून पाहाले लागली. मांगून कोणी म्हणे का दोन कट्टे भरले, अन् बाया हासल्या. मंडीत माल मोजते तसं वाटलं मले. पर्ची तिथंच टाकून मी घरी आली, तवापासून दवाखान्याची पायरी चढली नाई. पोरगी काई ओळखीची नव्हती. तिचाही दोष नाई, तिले तसंच शिकवलं असन.

टायमावर जेवत जाय. माया आहेच, ते काई लिहाले नाई लागत.

तुही आत्या

आर्वी,
७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
रंजिताचा साष्टांग नमस्कार.

ती पोरगी मी होते.

नोकरी लागून महिना झाला होता. एकीनं वाचायचं, दुसरीनं लिहायचं, म्हणजे रांग लवकर सरते, असं शिकवलं होतं. मी काट्याकडे पाहत होते, माणसाकडे मान वर करून पाहिलंच नाही. तोंडावर मास्क होता माझ्या. तुला मी खरंच ओळखू आले नाही, की तू मला सांभाळून घेतलंस, हे मला कळत नाही. त्याच दुपारी मी तुझ्या घरी जेवायला आले होते, तू पिठलं-भाकर वाढलीस, वरून ताक दिलंस. मी पोटभर जेवले गं. काल तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

एक गोष्ट मात्र ऐक. वजन हा गुन्हा नाही. आपल्या घराण्यात ते आहे, आजीला होतं, बाबांनाही आहे. घोरण्यानं तुझी झोप मोडते, त्यानंही आंग वाढतं. पोटावर चरबी साचली की साखर आवरत नाही, दम, घुडघे, सगळं त्यातूनच येतं. हासण्यासारखं त्यात काही नाही, ते दुखणं आहे आणि त्याला इलाज आहे. पाच-सात किलो उतरले तरी साखरेला नि घुडघ्यांना फरक पडतो. पण आधी पाय. मी वर्ध्याच्या डॉक्टरांशी बोलले, शुभमला सांगितलं, उद्याच जा. उशीर झाला तर पाय जाईल, हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मी सोबत आले असते, पण मला पाहून तू उंबऱ्याआत परत जाशील याचं भेव वाटतं.

माफ कर म्हणायचं तोंड नाही. तरी म्हणते.

रंजिता

वर्धा,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रंजितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

करंगळी काढली. पाय राह्यला. डॉक्टर म्हणे आणखीन आठ दिवस घरी बसली असती त घोट्यापासून गेला असता. रडू नको, एका बोटाचं काय एवढं, मी थोडीच नाचाले जातो.

आता खरं सांगतो. मी तुले ओळखलं होतं. लाईनीत उभी होती तवापासून तुह्याकडेच पाहून राह्यली होती, पांढऱ्या कोटात कशी दिसत होती तू. बाजूच्या सीताबाईले कोपरानं ढोसून सांगतलं का हे माह्या भावाची पोरगी आहे. अन् मंग माही पाळी आली. लाज त लय वाटली, पण राग नाई आला. मले एवढंच भेव होतं का तुले समजलं त तू जन्मभर दबून बोलशील. लहानपणापासून तुहा आवाज खणखणीत. तो माह्यापायी दबू नये.

पण दोन वर्सं गप बसली, हे माही चुकी. तवाच तुहा कान धरला असता त बोट वाचलं असतं, अन् तुह्यापायी आणखीन कोणी बाई माह्यावानी लाजून घरी गेली नसती.

गुरुवारी पट्टी बदलाले तुह्या दवाखान्यात येतो. इथं मी काट्यावर पाय नाई ठेवला, हट्टच केला. म्हटलं, वजन माही भाचीच करन. तुह्या बारशात तुह्या कानात नाव मी सांगतलं होतं, पोरी. आता माह्या कानात आकडा तू सांगजो.

तुह्या बापाले म्हणजो, ओवाळणं बाकी आहे.

तुही,
कुंताआत्या