आजकाल नीट ऐकू का येत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: सध्याच्या जगातला आवाजच बिघडला आहे, हे शास्त्राने सिद्ध करायचं. आठवीला ‘ध्वनी’ हा धडा आयुष्यभर शिकवला. माझ्याशिवाय हे करणार कोण?
कारणं उघड आहेत. टीव्ही चपटे झाले, स्पीकर मागे गेले, त्यामुळे संवाद आधी भिंतीला ऐकू जातात. मालिकांत बोलण्यापेक्षा ढॅण-ढॅण जास्त. आणि मास्कच्या काळापासून लोक तोंड उघडायचंच विसरलेत.
मृणालिनीचं म्हणणं, टीव्ही बारीक करा, शेजारचे दार वाजवून गेले. मला तरी कुणी दार वाजवल्याचं ऐकू आलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
डाळ जळली. मृणालिनी भाजीला गेली होती. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणाली होती. शिट्टी झालीच नाही. कुकर सदोष. कंपनीला मेल करणार.
मनवा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. तिला ढीगभर शिट्ट्या ऐकू आल्या म्हणे. मग उठली का नाहीस, असं विचारलं. ती काहीतरी पुटपुटली. हीच ती पिढी. मुद्दा सिद्ध.

९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
मनवाने मोबाइलवर कानाची टेस्ट लावली. बारीक होत जाणारी शिट्टी असते. मी म्हटलं, थांबली. ती म्हणाली, “बाबा, अजून चालू आहे.” मी म्हटलं, फोन खराब आहे. तिने तोच फोन स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
दादरच्या कानाच्या डॉक्टरांचं कार्ड दिलंय. जाड आहे. पुस्तकात खूण म्हणून उपयोगी.

११ फेब्रुवारी, बुधवार
ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान ठरलं! रविवार, २२ तारीख. विषय: ‘आजकाल नीट ऐकू का येत नाही: एक शास्त्रीय मीमांसा’.
सकाळी शिवाजी पार्कला सीतारामला ही बातमी सांगितली. आमच्याच शाळेत तो चित्रकला शिकवायचा. आज मात्र गप्प गप्प. कट्ट्यावर बसलो, मागून बेस्टच्या बसेस. मध्येच खाली मान घालून म्हणाला, सुभद्राला साठ झाली. मी पाठीवर थाप मारली. “अरे वा! मग पार्टी पाहिजे! जंगी करू!”
त्याने चमकून पाहिलं. उठला आणि सरळ चालू लागला. बायकोचं वय फोडल्याचा पश्चात्ताप झाला असावा.

१५ फेब्रुवारी, रविवार
सीताराम फिरायला येत नाही. फोन उचलत नाही. व्याख्यान मला मिळालं याची असूया. चाळीस वर्षांची मैत्री, पण माणूस शेवटी माणूस. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष करणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार
जेवताना मायलेकी कशावर तरी खूप हसल्या. मीही हसलो. मग मनवाने विचारलं, “बाबा, कशाला हसलात?” सांगता आलं नाही. काय झालं ते विचारलं तर दोघी म्हणाल्या, “काही नाही, जाऊ दे.”
हल्ली या घरात सगळं ‘काही नाही’च असतं. भात तसाच ठेवून उठलो. पोट बरं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
व्याख्यान यशस्वी. भरपूर हशा. सीताराम आला नाही.
प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, याचं पुस्तक येतंय का? मी नम्रपणे म्हटलं, “हो, दिवाळीपर्यंत येईल.” प्रचंड हशा! नम्रता लोकांना आवडते.
मनवा टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसली होती. घरी आल्यावर माझ्यासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला नीट ऐकू येतंय का.”
माइक खराब होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
मृणालिनीला सुभद्राचा फोन आला. हॉस्पिटलमधून. काल ऑपरेशन झालं.
मी म्हटलं, साठी झाल्या झाल्या ऑपरेशन? मृणालिनीने फोन खाली ठेवला. “कसली साठी? ती अठ्ठावन्नची आहे. गाठ झाली होती तिला. भावजींनी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं. सुभद्रा म्हणाली, तुम्ही पार्टी मागितलीत.”
बसचा आवाज होता.
बसचा आवाज होताच.
मृणालिनी पुढे बरंच बोलली. मी एकदाही मोठ्याने बोल म्हटलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
परळला हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती.
सुभद्रा झोपलेली. बाजूला सीताराम, तोंडाला मास्क, दाढी वाढलेली. मी माझी वाक्यं म्हटली. बसेसचा उल्लेख टाळला. तो ऐकत होता. मग मास्कच्या आतून तोही हळूहळू बोलला, माझ्या दंडाला हात लावून. मी मान डोलावत राहिलो. क्षमाच ती, दुसरं काय असणार? माझे डोळे भरून आले.
तो थांबला. उत्तराची वाट बघत होता.
हसावं की गंभीर राहावं, कळेना. शेवटी म्हटलं, “सीताराम, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या दिवशीही नव्हतं आलं.”
त्याने मास्क खाली केला. मग माझ्या कानापाशी तोंड आणून म्हणाला, “लिफ्ट बंद आहे. जिन्याने खाली जा आणि ही औषधं घेऊन ये. मला हिला सोडून जाता येत नाही.”
चिठ्ठी घेऊन खाली गेलो. औषधाच्या दुकानात काचेमागचा माणूस काहीतरी विचारत होता. मी वाकून म्हटलं, “जरा मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं.”
आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.
त्याने मान वर न करता ओरडून विचारलं, “पिशवी पाहिजे का?”
नको म्हटलं.