कढई उतरेपर्यंत

आई, प्रत्येक घाण्यातली एखादी करंजी तेलात का उघडते, हे कोडं करंज्या तळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेलं असतं. पीठ एकच, सारण एकच, हात तोच, आचही तीच. सात करंज्या निमूटपणे फुगून बदामी होतात आणि आठवी मात्र कडेला तोंड उघडते. खोबरं तेलात सांडतं, जळतं, आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके पडतात. बहुतेक घरांत यावर "जाऊ दे, एखादी उघडायचीच" एवढंच म्हणतात. आपल्या घरात त्या उघडलेल्या करंजीवर नाताळचा एक अख्खा रिवाज उभा होता, आणि तो तू केला होतास. आज मी त्याच रिवाजाविषयी लिहितो आहे. तू हसशील आणि म्हणशील, "झालं मास्तरांचं सुरू." म्हण. मला क्रमानेच सांगता येतं.

इंदूरच्या दवाखान्याच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर मला अजून कोपऱ्याकोपऱ्यानिशी दिसतं. नाताळच्या आदल्या दिवशी तुझी सकाळची ड्युटी संपते, तू सिस्टरचा पांढरा पोशाख बदलून सुती साडी नेसतेस, आणि दुपारी दोनच्या सुमारास आपण चौघे जमिनीवर परातीभोवती बसतो. बाबांनी सियागंजच्या किराणा बाजारातून आणलेलं खोबरं, खसखस, वेलदोडे यांचं सारण तयार असतं. ओल्या फडक्याखाली पीठ झाकलेलं असतं. बाहेर व्हरांड्यात बाबांनी बांबूच्या कामट्यांची केलेली चांदणी वाऱ्याने हलते आहे. नियम असा की ज्याने त्याने आपल्या करंज्या आपणच भरायच्या आणि कडेला आपली खूण ठेवायची. बाबा काट्याचमच्याने टोचे देत, ताई, धाकटी असूनही घरात सगळे तिला ताईच म्हणत, कातण फिरवून नागमोडी कड करी, मी बोटांनी नुसती दाबत असे, आणि तू मुरड घालायचीस. टाके घालणारा हात तुझा, तुझी मुरड पाहायला शेजारच्या काकीजी मुद्दाम येत आणि म्हणत, "सिस्टरजी, ये गुजिया है कि जरी का काम?" मग तू कढई चढवायचीस. ज्याची करंजी तेलात उघडेल, त्याने वर्षभरात घरात न सांगितलेली एक गोष्ट सांगायची. आणि कढई उतरेपर्यंत कुणीही त्याच्यावर रागवायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं की देवळात आपण दर रविवारी पापांची कबुली म्हणतोच, मग घरात हे आणखी कशाला? तू झारा न थांबवता म्हणालीस, "देवळात सगळे एका सुरात म्हणतो रे. त्यात कुणाचंच काही बाहेर येत नाही. घरात एकेकट्याने म्हणायचं असतं." मला ते उत्तर तेव्हा थोडं ढोबळ वाटलं होतं. आज मी ते वर्गात सांगण्याइतकं नेमकं मानतो.

एक वर्ष विशेष आठवतं. ताई सातवीत, मी दहावीत. पहिल्याच घाण्यात तुझी करंजी उघडली. ताई ओरडली, "आई की खुल गई! बोल, बोल!" तू अगदी शांतपणे म्हणालीस, "यांचं तपकिरी स्वेटर हरवलेलं नाही. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला थंडी वाजत होती, त्याला घालून दिलं." बाबांनी ते स्वेटर लालबागच्या जत्रेत तासभर निवडून घेतलं होतं आणि दिवाळीपासून ते रोज एकेक ट्रंक उघडून शोधत होते. ते उठून उभेच राहिले. "म्हणजे मी पलंगाखाली रांगत होतो, आणि तू मला टॉर्च धरून दाखवत होतीस?" तू झाऱ्याने कढई दाखवलीस. बाबा पुन्हा खाली बसले आणि मग आपण सगळे इतके हसलो की एक घाणा करपला. त्या हसण्यातच ताई, तिची करंजी उघडली नसताना, हळूच म्हणाली, "गणिताच्या पेपरवर बाबांची साइन मी केली होती. सात मार्क होते." बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कढईकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "साइन तरी नीट केलीस का?" सुट्टीभर मग तेच तिला गणित शिकवत बसले. हसणं मला आठवत होतं; त्या दुपारचा क्रम, म्हणजे आधी तू आणि मग ताई, हा मात्र पुष्कळ वर्षं माझ्या लक्षात आला नाही.

कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. कॉलेजात गेल्यावर मी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. करंजी उघडते कारण आत अडकलेली हवा तापून पसरते आणि सारणातल्या ओलाव्याची वाफ होते. हा दाब चारही बाजूंना सारखाच असतो. तो कडेतली सर्वांत दुबळी जागा शोधून काढतो. कड दुबळी का होते? ती वाळली म्हणून, तिच्यावर कोरडा मैदा राहिला म्हणून, किंवा खोबऱ्याचा एखादा कण दोन पदरांमध्ये सापडला म्हणून. उपायही सरळ होते: सारण मोजून घालायचं, कडेला दुधाचं बोट फिरवायचं, मिटण्यापूर्वी हवा दाबून काढायची आणि भरलेली करंजी ओल्या फडक्याखाली ठेवायची. मी हे सारं तुला मोठ्या उत्साहाने, पाटीवर आकृती काढून समजावलं. तू मन लावून ऐकलंस. शेवटी म्हणालीस, "छान. म्हणजे आता तुला कधी काही सांगावंच लागणार नाही." मी ती शाबासकी समजलो. त्यानंतर माझी एकही करंजी उघडली नाही. ताई दरवर्षी चिडायची, "दादा चीटिंग करतो! फेविकॉल लावतो हा!" आणि मी हसून हात वर करायचो.

आता तुझ्या शेवटच्या नाताळविषयी. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तू निवृत्त होऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतीस, ताई लग्न होऊन रायपूरला गेली होती, आणि मी पुण्याहून बायको आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन चार दिवसांसाठी आलो होतो. त्याच पावसाळ्यात इंदूरबाहेर सिमरोलजवळच्या नव्या संस्थेत माझ्या विषयाच्या प्राध्यापकाची जागा निघाली होती. कॅम्पसच्या इमारती अजून उभ्या राहत होत्या. मला बोलावणं आलं, मुलाखत झाली, निवड झाली, आणि मी पत्राने नकार कळवला. पुण्यातली माझी प्रयोगशाळा नुकतीच उभी राहिली होती. तेही खरं कारण नव्हे. मला इंदूरला परतायचं नव्हतं. मोठा झालेला मी पुन्हा कुणाचा तरी मुलगा म्हणून राहायला तयार नव्हतो. तुला फोनवर सांगितलं, "अजून जागाच निघाली नाही, आई. निघाली की बघू."

त्या दुपारी तुझी करंजी उघडली. तू ती झाऱ्याने अलगद उचलून माझ्या ताटलीत ठेवलीस आणि म्हणालीस, "यंदा मला भीती वाटली. संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी. वॉर्डात एवढे जीव जाताना पाहिले, तेव्हा नाही वाटली. घरात वाटते." बायको पोळपाटाशी थांबली. लेक काहीतरी विचारणार होती, तिला बायकोने डोळ्यांनीच गप्प केलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. बोलायची जागा माझी होती, वेळ माझी होती, कढई चढलेली होती आणि कुणी रागवणार नव्हतं. मी ताटलीतली करंजी पाहिली आणि म्हणालो, "कडेत खोबऱ्याचा कण अडकला असणार, आई." "हो रे," म्हणालीस, "कणच असणार." आणि पुढची करंजी तेलात सोडलीस.

एप्रिलमध्ये तू गेलीस. तीन वर्षांनी त्याच संस्थेत पुन्हा जागा निघाली आणि या खेपेला मी आलो. लोक म्हणतात, भिया, गावी परत आलात, किती छान. मी हो म्हणतो. सिमरोलच्या रस्त्याला लागलो की हिवाळ्यात दोन्ही बाजूंना हरभरा दिसतो, आणि मला रोज एक साधी वजाबाकी सुचते, ती मी पुरी करत नाही.

काल आमच्या घरी करंज्या झाल्या. लेक आता वीस वर्षांची आहे, पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीला आल्यापासून ती फोन उलटा ठेवते आणि जेवताना दोनदा विचारलं की एकदा उत्तर देते. बायको मला म्हणाली, "काहीतरी आहे. तू विचारू नकोस, तू विचारलंस की तो इंटरव्ह्यू होतो." बायकोला करंजी मीच शिकवली आहे, त्यामुळे तिचीही कधी उघडत नाही. परातीपाशी बसलो आम्ही दोघं, दोन निष्णात माणसं, आणि समोर मिटलेल्या करंज्यांची रांग. मला त्या रांगेची अचानक भीती वाटली.

काय सुचलं कुणास ठाऊक, मी तुझ्यासारखी मुरड घालून पाहिली. पहिल्या चार वेड्यावाकड्या झाल्या, पाचवी जमली. घालता घालता माझ्या लक्षात आलं की मुरडीत कड स्वतःवरच दुमडली जाते. दोन पदर असतात तिथे चार होतात, आणि प्रत्येक घडी मागच्या घडीला धरून ठेवते. आम्ही वापरतो त्या सगळ्या पद्धतींत हीच सर्वांत पक्की. माझ्या त्या वेड्यावाकड्या चारसुद्धा तेलात उघडल्या नाहीत. मग जिच्या मुरडीला काकीजी जरीकाम म्हणायच्या, तिची करंजी दरवर्षी कशी उघडत होती? दरवर्षी, बरोबर एक, आणि पहिल्याच घाण्यात. आणखी एक गोष्ट मला आठवली: ती उघडण्याआधीच तुझा झारा तिच्याखाली असायचा. आपल्या घरात तेल कधीच फारसं काळं झालं नाही, आई. तू आधी बोलायचीस, म्हणजे आम्हाला बोलायची भीती वाटू नये.

मी आणखी एक करंजी भरली आणि शेवटच्या घडीखाली नखाएवढी जागा सोडली. तेलात ती तोंड उघडू लागली तशी शेजारी उभी असलेली लेक दचकून म्हणाली, "बाबा, तुझी? इम्पॉसिबल!" मी तिला रिवाज सांगितला, तो तिला लहानपणचा पुसटसा आठवत होता. आणि मग मी ते सांगितलं: आजी एकटी होती, इथे यायला मला बोलावलं होतं, मी नाही म्हणालो आणि तिला खोटं सांगितलं. बायकोला नकार ठाऊक होता, खोटं ठाऊक नव्हतं. ओट्यापाशी ती हात पुसत तशीच उभी राहिली. घाणा झाला, मी झारा ठेवला आणि गॅसकडे हात नेला.

"बाबा, कढई नको उतरवूस इतक्यात," लेक म्हणाली.

मग तिने सांगितलं. या सेमिस्टरची परीक्षा तिने दिलेलीच नाही. ऑक्टोबरपासून ती वर्गात जात नाही. सकाळी हॉस्टेलमधून निघते आणि बसस्टॉपवर बसून राहते. मला राग आला, खरं सांगतो, आणि त्याच्यामागोमाग प्रश्नही आले, क्रमवार, एक ते दहा. कढई चढलेली होती. मी आच मंद केली, फडक्याखालून आणखी एक पारी काढली आणि तिला म्हणालो, "बसस्टॉपवर ऊन येतं का?" ती रडली, आणि मग खूप वेळ बोलत राहिली. काल आमच्याकडे पीठ संपल्यावरही कढई चढलेली होती; बायकोने शेवटी त्यात पापड तळले. पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आज सकाळी उपासनेला ती आमच्याबरोबर आली आणि परतताना माझ्या शेजारी बसली, एवढं झालं आहे.

हे पत्र मी फराळाच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली ठेवणार आहे. पुढच्या नाताळात डबा घासायला काढेल त्याच्या हाती ते लागेल, म्हणून त्याच्यासाठी एक साधी परीक्षा लिहून ठेवतो, कुणालाही करता येईल अशी. दोन करंज्या घ्या. एकीच्या कडेत खोबऱ्याचा कण अडकू द्या. दुसरीची कड स्वच्छ ठेवा आणि नखाएवढी जागा मुद्दाम सोडा. दोन्ही तळा, निववा आणि उजेडात धरा. कणाने उघडलेली कड फाटलेली असते, खरबरीत, चिकटलेला पदर ओढून निघाल्यासारखी. मुद्दाम सोडलेली कड गुळगुळीत आणि गोल असते, कारण ती कधी चिकटलेलीच नव्हती. हा फरक ओळखायला शिक्षण लागत नाही. त्या दुपारी तू माझ्या ताटलीत ठेवलेली करंजी मी उजेडात धरली होती, आई. तिची कड गुळगुळीत होती, आणि ते मला दिसलं होतं.