जुळ्या बिंदूंची वही

प्रिय भांडकुदळे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि माझं उत्तर नाही, म्हणजे तू मनातल्या मनात मला चांगल्या शिव्या घातल्या असशील. घाल. एरवी तुला माझ्या दोन ओळी येतात, प्रकृती बरी आहे, तुझी काकू आठवण काढते, झालं काम. या खेपेला चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद फाडले. काकू म्हणाली, एवढं काय लिहिताय, प्रबंध लिहिताय की काय? म्हटलं, तसंच काहीसं समज.

बातमी अशी की मी पंचाहत्तरीला टेकलो आणि विभागाने माझा गौरवग्रंथ काढायचं मनावर घेतलंय. तुझ्या बरोबरीचा लांब्या आता विभागप्रमुख आहे. रोज दुपारी येतो, त्या बुटक्या खुर्चीत कसाबसा मावतो आणि सर, तुमचा लेख, सर, तुमचा लेख, असा धोशा लावतो. पहिलं प्रकरण अर्थातच माझ्या प्रमेयावर. ज्याच्या जिवावर मी तीस वर्षं नाकाने कांदे सोलले, तेच. चढत्या फलनांचा कॉम्पॅक्ट अवकाश, त्यात एकेक फलन म्हणजे एकेक बिंदू. माझ्या अटी पाळल्या आणि मोजता येतील इतक्याच बिंदूंनी सगळीकडे हवं तितकं जवळ पोचता आलं, की तिथे अंतर मोजायची पट्टी असतेच असते. हे मी सिद्ध केलं, छापलं, आणि त्यावर लोकांनी पुढचे मजले चढवले.

तू संशोधन सोडून शाळेत शिकवायला गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. ती दुपार तुलाही आठवत असेल. चर्चासत्रात तुझी पाळी होती, मी पाच मिनिटं उशिरा आलो आणि सवयीने पुढच्या बाकावर बसलो. फळ्यावर तू रेषा आणि दोन बिंदूंचा संच यांचा क्रमित गुणाकार मांडला होतास, म्हणजे दोन्हींतून एकेक पद घेऊन केलेल्या जोड्या, ठरावीक क्रमाने लावलेल्या. तुझं खरं उदाहरण पुढे बरंच गुंतागुंतीचं होत जायचं, पण मुळाशी एवढंच. माझ्या प्रमेयात न बसणारा अवकाश सापडलाय असं तू म्हणालीस आणि मी जागेवरूनच हसलो. म्हटलं, बाई गं, या तर नुसत्या दोन रेषा एकीपुढे एक ठेवल्यात, यात पट्टी चालणार नाही तर कुठे चालेल? सगळे हसले. लांब्याही हसला. खडूच्या लांबीवरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, कशाकशावरून माझ्याशी हुज्जत घालणारी तू त्या दिवशी भांडलीच नाहीस. फळ्याकडे बघत राहिलीस, मग पुसून टाकलास. हो सर, एवढंच म्हणालीस. सर म्हणताहेत म्हणजे चुकलंच असणार, इतका तुझा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी तू वही माझ्या टेबलावर ठेवून गेलीस, मला आता हिचा काय उपयोग, म्हणालीस. ती निळ्या पुठ्ठ्याची वही आत्ता माझ्यासमोर आहे. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत तुझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय की इथे आधी पहिलं पद बघायचं, ते सारखं निघालं तरच दुसरं. शब्दकोशात अक्षरं लावतात तसं. माझ्या गुरूंची रीत उलटी होती, शेवटचं पद आधी. ती मी तुम्हां पोरांकडून घोकून घेतली होती आणि जगात दुसरी रीत नाहीच अशा थाटात वावरत होतो. तू ती सोडलीस आणि बोलायला उभी राहिल्यावर पहिल्याच वाक्यात तसं सांगितलंस, लांब्याला ते अजून आठवतं. मी तेव्हा जिन्यात होतो. तुझ्या रीतीने त्या दोन रेषा नव्हत्याच. एकच रेषा, तिच्यातल्या प्रत्येक बिंदूचे दोन जुळे बिंदू झालेले. फलनांच्या भाषेत बघितलं तर जुळी फलनं, सगळीकडे तंतोतंत सारखी, फक्त एका ठिकाणी वेगळी. पण तेवढ्याने दोन बिंदू वेगळे होतात, आणि तिथे कुठलीच पट्टी चालत नाही. तुझं बरोबर होतं गं पोरी. अथपासून इतिपर्यंत बरोबर होतं.

आता तुझ्या पत्राकडे येतो. लेकीने विचारलं, आई, तू सरांकडे शिकत होतीस तर मग सोडलंस का, आणि तू तिला सांगितलंस की मला ते झेपलं नाही. पुढच्याच ओळीत तिच्या दुधाच्या दाताची हकिगत लिहून मोकळी झालीस. मला मात्र तिथून पुढे वाचवेना. काकूने विचारलं, डोळ्याला काय झालं, तर चष्म्यावर ढकललं.

वही मी आत्ता आवराआवरीत उघडली असं तुला वाटलं असेल. तसं नाही. तू ती ठेवून गेलीस त्याच्या आठव्या दिवशी मी पहिलं पान वाचलं होतं. तू अजून वसतिगृहातच होतीस, सामान बांधत होतीस, विभागापासून दहा मिनिटांची वाट. मी कोट चढवला, जिन्यापर्यंत गेलो आणि परत येऊन खुर्चीत बसलो. तुला बोलावलं असतं तर माझं प्रमेय पडलं असतं, म्हणून अकरा वर्षं मूग गिळून बसलो. तुझ्याइतकी हुशार पोर मला पुन्हा मिळाली नाही आणि माझ्या लेकीसारखी तू, तुझ्याशी मी हे केलं. सोबत बारा पानं आहेत. तुझं उदाहरण, तुझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं, वर एकटं तुझं नाव. खाली अर्ध्या पानात माझं प्रमेय चुकीचं असल्याचं आणि ते मला कधी कळलं त्याचं निवेदन, माझ्या सहीने. लांब्याला काल सगळं सांगितलं, त्याने बारा पानं तिथेच बसून वाचली. तू हो म्हणालीस तर ग्रंथाचं पहिलं प्रकरण हेच. नाही म्हणालीस तरी माझं निवेदन छापलं जाईल. मला माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. फक्त आज लेकीला जवळ बसव आणि सांग, आईला ते झेपलं होतं, सरांना झेपलं नाही.

तुझाच, अजून म्हणू देणार असलीस तर,
सर