मध्यमेच्या टाकीवरची पाटी

प्रिय मुशी,

मायन्यापाशीच अडून बसले होते. ‘चि.’ लिहिलं की त्याच्या मागोमाग ‘सौ.’ आपसूक हाताला येतं, आणि ते आता खोडावं लागतं. खाडाखोड केलेलं पत्र पाठवणं माझ्यातल्या मास्तरणीला सोसत नाही. शेवटी लग्नाआधीपासून तुला जे म्हणत आले तेच लिहिलं. सुनेला मासळीच्या नावानं हाक मारणारी सासू म्हणून मी चारचौघांत बदनाम झाले ती झालेच. आता सून राहिली नाही, हाक मात्र राहिली आहे, आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाही. आधीच सांगून ठेवते, मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारायचा हक्क मला उरलाय का, इथेच सगळं गाडं अडलंय. तेव्हा मी जरा वळसे घेत येईन. वैतागू नकोस, तुला माझी सवय आहे.

इकडचं सगळं ठीक. चिरंजीव जेवतात, झोपतात, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतात आणि त्याबद्दल कुणीतरी पाठ थोपटावी म्हणून घरभर फिरतात. तुमच्यात काय बिनसलं हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. दोघांची दोन उत्तरं ऐकून मला दोन्ही पटली असती, एवढीच भीती. पण मध्यंतरी मी सहज म्हणून गेले, की मुशीला विचारून बघते. तर वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता तो म्हणाला, “आई, ती आता आपली कोणी नाही.” रागानं नव्हे गं. आज पाणी उशिरा येणार आहे, असं सांगावं ना, तसं. मी “बरं” म्हटलं आणि ओट्यापाशी जाऊन उगीच कोरडी भांडी पुसत राहिले. कोणी नाही म्हणजे नक्की काय? मी जन्मभर संस्कृत शिकवलं. सून म्हणजे स्नुषा, सासू म्हणजे श्वश्रू, अगदी जावेलासुद्धा ‘याता’ असा स्वतंत्र शब्द. इतकी बारीक वर्गवारी करणाऱ्या भाषेत मुलापासून सुटलेल्या, पण सासूपासून न सुटलेल्या बाईला शब्द नाही. सापडला तर कळवते.

वर्गवारीचं नाव निघालंच आहे तर मत्स्यालयाची बातमी सांगते. मी अजून रोज दुपारी शाळेतून सुटले की तिकडेच जाते. तू तिथे नोकरीला होतीस तेव्हा तूच मला त्यात ढकललंस. “आई, आमच्या पाट्या वाचून आत आलेली माणसं बाहेर पळतात, तुम्ही लिहा ना जरा माणसांसारखं,” म्हणालीस. तोवर मुशी, तुमची शार्क, म्हणजे खूप दात असलेला एक मोठा मासा, एवढंच माझं ज्ञान. मग तू मला सकाळी धक्क्यावर नेलंस, नाकाला रुमाल लावायची बंदी घातलीस आणि ओल्या फरशीवरून हिंडवत एकेक दाखवत गेलीस. हातोडीच्या डोक्याची, डोळे पार दोन टोकांना गेलेली. तळहातावर मावेल एवढीशी, मोठी होऊनही तेवढीच राहणारी. आणि चित्रातली ती बसएवढी ठिपकेवाली, जी इतका देह पोसायला समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळून खाते. तिच्याबद्दल ऐकून मला आमच्या मुख्याध्यापिका आठवल्या होत्या. पाकट म्हणजे शार्कचीच चुलत बहीण, कुणीतरी पोळपाटावर घेऊन लाटलेली. दोन्ही घराणी मिळून हजारावर जाती, आणि अंगात हाड एकीच्याही नाही, सगळा डोलारा कूर्चेवर उभा. बिनहाडाचं कुळ इतक्या कोटी वर्षं टिकलं हे ऐकून मला माणसांच्या कणा ताठ ठेवण्याबद्दल शंका यायला लागली.

आणि मग माझी ती पाटी. मध्यमा तेव्हा नुकतीच टाकीत आली होती. पुढून पाकटासारखी चपटी, मागून शार्कसारखी दणकट शेपूट, पाठीवर दोन उभे पर. धड ना ही ना ती, म्हणून तिचं नाव मी मध्यमा ठेवलं. तू कुठल्याशा बैठकीला गेली होतीस. मी टाकीवर ओणवी होऊन वरून तिला मनसोक्त न्याहाळलं आणि ठोकून दिलं, ‘गिटारच्या आकाराची शार्क’. शिवाय खाली हौसेनं ‘ही मंदगामिनी’ वगैरे. तू परत आलीस, पाटी वाचलीस आणि तिथल्या उपड्या बादलीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलीस. “पंडितबाई, ही शार्क नाही, पाकटांच्या घरातली लेक आहे. वरून काय बघता? खालून बघा. कल्ल्यांच्या फटी कुशीला असल्या तर शार्क, पोटाकडे असल्या तर पाकट. बाकी अंगलट कुणावर का गेलेली असेना!” एरवी तू मला ‘आई’ म्हणायचीस. ‘पंडितबाई’ फक्त चिडलीस किंवा फार लाडात आलीस की. त्या दिवशी दोन्ही होतं बहुतेक.

त्याच बादलीवर बसून तू मला बाकीचंही सांगितलंस, आणि ते सांगताना हसत नव्हतीस. ही जात वयात उशिरा येते, पिल्लं मोजकी देते, आणि त्यांच्या परांना बाजारात भाव येतो तो भलताच. काठाजवळच्या वाळूत पडून राहायची सवय, त्यामुळे जाळं कुठलंही टाका, ही त्यात असतेच. दर वर्षी ढिगानं अंडी घालणाऱ्या माशाला जे परवडतं ते हिला परवडत नाही. म्हणून तू धक्क्यावर तुझा तो नियम सुरू केलास, पोटुशी सापडली की परत. कायदाबियदा नव्हे, नुसता शब्द. बोटवाल्यांनी आधी तुझी टर उडवली. मग एकानं पाळला, दुसऱ्यानं त्याच्याकडे बघून पाळला. आपला कप्तान (एवढीशी होडी आणि केवढं ते नाव!) मला म्हणाला होता, “बाई, बायको रोज ओरडते, माझं एक ऐकत नाहीस आणि त्या मुशीवालीचं सगळं ऐकतोस!”

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात हाच कप्तान दुपारी मत्स्यालयाच्या मागच्या दारात हजर. हातगाडीवर पाण्याचा मोठा टब, त्यात जिवंत मध्यमेची जुळी बहीण, शेपटीला जाळ्याचा गुंता. समुद्रात तो सुटेना म्हणून घेऊन आला होता. “तुमची सून कुठाय?” म्हणाला. तुझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. नवे साहेब आहेत, ते हिशेबाच्या खात्यातून आले आहेत, स्वभावानं भले, पण माशांशी त्यांचा आजवरचा संबंध ताटापुरता. मी आणि कप्ताननं मिळून दोरे कापले. कापता कापता तो म्हणाला, “बाई, हिच्या पोटात काहीतरी हलतंय.” साहेब तेवढ्यात खूश! ठेवून घेऊ, इथेच पिल्लं होतील, दारावर मोठा फलक लावू, ‘शार्कचा जन्म बघा’. मी म्हटलं, ही शार्क नाही. ते म्हणाले, “अहो, पाटीवर लिहिलंय की.” मी जाऊन बघते तो काय, टाकीवर माझी ती जुनी पाटी! दुरुस्त केलेली रंगवायला गेली होती, रिकामी जागा वाईट दिसते म्हणून कुणीतरी अडगळीतून ही काढून लावलेली. मी म्हटलं, ती पाटी मीच लिहिली आहे. “मग?” मग ती चुकीची आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

शार्क की पाकट, हा वाद तिथेच थांबला असता. पण मला तुझं दुसरं बोलणं आठवलं, की पकडलेल्या, घाबरलेल्या मादीचा गर्भ अवेळी पडतो. टाकीत ठेवली असती तर साहेबांना जन्म दिसला नसता, भलतंच दिसलं असतं. मी म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता परत सोडायची. साहेब म्हणाले, कुणाच्या परवानगीनं? आणि मुशी, माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या सुनेचा नियम आहे.” मी मागे वळून पाहिलं, हे कोण बोललं म्हणून. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि विरोधच केला नाही. तुमचा घटस्फोट झालाय हे त्या इमारतीत झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कुणीही म्हणालं नाही, की बाई, कुठली सून?

मग मी होडीत बसले. हसू नकोस. बंधाऱ्याच्या बाहेर जाईपर्यंत मी शाळेतला डबा समुद्राला अर्पण केला होता. एका हातानं होडीची कड घट्ट धरलेली, दुसऱ्या हातानं त्या टबात मगानं पाणी ओततेय, आणि ती माझ्याकडे बघतेय. डोळ्यांच्या मागची ती दोन भोकं उघडत होती, मिटत होती. वाळूत पडल्या पडल्या ही त्यातूनच पाणी ओढून श्वास घेते, हे तूच मला शिकवलंस. कप्ताननं तिला ओल्या ताडपत्रीच्या झोळीत घेऊन पाण्यावर धरलं. वळताना पोट दिसलं, पांढरंशुभ्र, आणि त्यावर ओळीनं फटी, तू म्हणाली होतीस तशाच. ती क्षणभर होती तशीच राहिली, मग बुडाली. मी विचारलं, जगेल का रे? तो म्हणाला, “बाई, समुद्र पोचपावती देत नाही.” आणि परतताना इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलंन, “सूनबाई कधी येणार?” मी तितक्याच मोठ्यानं ओरडून सांगितलं, “येईल!” का सांगितलं, कुणास ठाऊक. खोटं बोलले म्हणावं तर तसं वाटत नाही, खरं म्हणावं तर आधार नाही. तेव्हापासून माझं डोकं त्या टबातल्या पाण्यासारखं हिंदकळतंय. वर्गात परवा दोन तास एकच धडा शिकवला. मुलांनी सांगितलंसुद्धा नाही, लबाड आहेत.

तर आता ते. गेले काही महिने माझं जरा दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. गर्भाशय काढायचं आहे, आत गाठ आहे. ती कसली आहे ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाल्या. मी मान डोलावत होते, शाळेत निरीक्षक आल्यावर डोलावते तशी. मग त्यांनी विचारलं, जवळ कोण राहणार? मी म्हटलं, सून. त्या म्हणाल्या, म्हणजे मुलगा आणि सून दोघं येतील ना? मी म्हटलं, नाही, ते आता एकत्र नाहीत. त्या लिहायच्या थांबल्या. “मग त्या तुमच्या कोण?” मी म्हटलं, ते पोटाकडून बघावं लागेल. त्यांना वाटलं मी तपासणीबद्दलच बोलतेय. चिरंजीवांनी रजा काढायची तयारी दाखवली आहे, पण त्याला माझ्या तोंडून ‘गर्भाशय’ हा शब्द ऐकतानाच घाम फुटला, तो माझे कपडे काय बदलणार? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते, मुशी. घाबरलेल्या पंडितबाईला पाहून जी हसेल आणि तरी उठून जाणार नाही, अशी मला एकच बाई माहीत आहे. काल मी त्याला सांगितलं, की मी तिला लिहिणार आहे. त्यानं इस्त्री केलेला शर्ट पुन्हा इस्त्रीला घेतला. मग म्हणाला, “खिडकीजवळची खाट माग. तिला वारा लागतो झोपताना.” आपली कोणी नाही म्हणणाऱ्यानं हे कशाला लक्षात ठेवावं? पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दवाखान्यात जायचंय. येशील का? नाही जमलं, किंवा नकोच वाटलं, तर तसं कळव. मी रागावणार नाही, फक्त कप्तानला काय सांगायचं ते तेवढं सुचव. खाली सहीपाशी पुन्हा अडलेय. ‘आई’ लिहायचं धाडस होत नाही, ‘सासू’ लिहावं तर ते कागदावर संपलंय. तेव्हा तुझ्या रागालोभातलं नावच घालते. ते कुणाच्या सहीनं मला मिळालं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या सहीनं जायचंही नाही.

तुझीच,
पंडितबाई