सोळा पानांचा वाचक

ती. मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेने संप पुकारला आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे जिना चढू देतात का? मांजर अजून तुझ्याच खुर्चीत बसतं का? आणि मनगट? वर्षभर तुझी पत्रं तुझ्या सुनेच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, अक्षरात येताहेत आणि प्रत्येकात मनगट मुरगळल्याचं लिहिलेलं असतं. एक मनगट बरं व्हायला इतका वेळ लागावा, याचं मला अलीकडे फार आश्चर्य वाटायला लागलं होतं. त्याबद्दल पुढे येतोच. आमच्याकडे सर्व क्षेम. बायको बरी आहे. ती बरी आहे असं मी लिहीन आणि नवरा बरा नाही असं लिहायचं विसरेन, असं तिने आत्ताच पाठीमागून सांगितलं.

पत्रास कारण की, आमच्या वाचनालयात येत्या वर्षासाठी वाचनाची आव्हानं निवडायची होती. दर वर्षअखेरीला आमच्या ग्रंथपालबाई जिन्याजवळच्या फळ्यावर कागद टाचतात. एकेका कागदावर एकेक आव्हान, खाली नावं घालायला रेघा. आजवर ही हौस फक्त सभासदांची होती आणि मी खाली तळघरात सुखाने फाटकी पुस्तकं शिवत बसायचो. पण परवा एका सभासदाने बाईंना विचारलं, तुमची माणसं स्वतः काही वाचतात का हो? दुपारी आम्हा सगळ्यांना बाईंची नोटीस आली. प्रत्येकाने निदान एका आव्हानात नाव घालायचं. आता रोखपालाला कोणी श्रीमंत समजत नाही, पण बाइंडरला मात्र लोक विद्वान समजतात. तीस वर्षं इतकी पुस्तकं हातांखालून गेली म्हणजे थोडीफार तरी डोक्यात शिरली असतील, असा सगळ्यांचा समज. तो मीही कधी मोडला नव्हता. फुकटचा मान कोण परत करतं?

पहिल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात पाचशे पानांपुढच्या पुस्तकांच्या आव्हानात नाव घातलं. आमचा एक जाडजूड ऐतिहासिक ग्रंथ पिशवीत घालून घरी नेला. कमरेचा संप तेव्हापासूनचा. दुसऱ्या दिवशी ते नाव खोडून न आवडणाऱ्या विषयावरच्या पुस्तकांचं आव्हान घेतलं. तिथे आपल्याला न आवडणारा विषय लिहून द्यायचा होता. मी घरी बसून त्यावर विचार करतोय हे पाहून बायको म्हणाली, "त्यात काय एवढं? वाचन म्हणून लिहा." तेही खोडलं. मग नजर गेली ती सात रंगांच्या पाठींच्या आव्हानावर. सात पुस्तकं, प्रत्येकाच्या पाठीचा रंग वेगळा. मावशी, हे तर माझ्याच आखाड्यातलं! आमच्याकडे एका पातळशा कथासंग्रहाच्या सात प्रती आहेत, सातही फाटक्या, माझ्या टेबलावर दुरुस्तीला पडलेल्या. मी त्यांना दोन दिवसांत सात रंगांचं कापड चढवलं, ओळीत मांडलं आणि यादी भरून दिली. काम इतकं देखणं झालं होतं की देवघेवीच्या खिडकीवरचा आमचा कारकून (त्याला आम्ही शिक्का म्हणतो, कारण तो कशावरही शिक्का मारतो) त्यानेसुद्धा क्षणभर हात आवरला. पण त्याने नोंदवही उघडली आणि यादी वर बाईंकडे पाठवली. बाई खाली आल्या, सातही पुस्तकं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "रंग सुरेख आहेत. पुस्तक एकच आहे." एवढंच बोलून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हात दाखवून अवलक्षण झाल्यावर उरलं ते सगळ्यात गरीब दिसणारं आव्हान: घरात आहे तेच वाचा. मला वाटलं, सुटलो. आपल्या घरात असतंय काय? पण कपाट उघडलं आणि तू समोर उभी राहिलीस. अकरा वाढदिवसांची तुझी अकरा पुस्तकं. बायकोने एकेक काढून माझ्यासमोर ठेवलं. पाचव्या पुस्तकाची पाठ उघडताना अशी करकरली की मीच दचकलो. आणि प्रत्येकात खुणेची दोरी त्याच जागी, सोळावं पान संपून सतरावं सुरू होतं तिथे. मावशी, आता कबूल करतो. आमच्या धंद्यात सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. एक फर्मा झाला की सुई, दोरा, मग पुढचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे सोळा पानं वाचून झाली की माझा हात आपोआप सुईकडे जातो आणि मन समजतं, झालं काम. तुझ्या एकाही पुस्तकाचं सतरावं पान मी पाहिलेलं नाही. दरवर्षी तुला अभिप्राय मात्र न चुकता पाठवला, 'सुरुवातच मनाची पकड घेते' अशा थाटाचा, आणि तू उलट टपाली लिहायचीस की माझ्या अभिप्रायात खोली असते. सोळा पानांची खोली, मावशी! अकरा वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो याची मला खरोखर लाज वाटली. ज्या बाईने मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, तिच्याशीच.

आव्हानाचा नियम असा की पुस्तक भेट आलेलं असेल तर देणाऱ्याला खरं काय ते कळवायचं. म्हणून शनिवारी तळघरात शांतपणे तुला पत्र लिहायला बसलो. चांगला कागद हवा म्हणून पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या मागचा ढीग उपसला, तर तळाशी एक सुटा फर्मा सापडला. उचलून दिव्याखाली धरला. यंदा तुझ्या पंचाहत्तरीला मी स्वतः बांधून दिलेली रहस्यकथा आठवते ना? लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरांत तुझं नाव? त्या पुस्तकाचा हा शेवटचा फर्मा. खुनी कोण ते उघड होतं, ती सोळा पानं. म्हणजे मी मावशीला पंचाहत्तरीला खुनी नसलेलं पुस्तक दिलं! बांधणीवर तीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नाही आणि नेमकं घरचंच पुस्तक लंगडं गेलं. घाम पुसून खुर्चीत बसलो, आणि तेव्हा तुझं पत्र आठवलं. तू लिहिलं होतंस, 'पुस्तक दोनदा वाचलं. शेवट तर फारच उत्तम, मला अजिबात ओळखता आला नाही.'

मावशी, शेवट तर माझ्या हातात होता.

मी इतका हसलो की शिक्का वरून खाली बघायला आला. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी चोर, तर तू चोरावर मोर. अकरा वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं. दिवसभर मी शीळ घालत होतो.

संध्याकाळी घरी जाताना मात्र चाल मंदावली. मी न वाचणारा माणूस आहे, पण तू? छापील चुकांवर पेन्सिलीने खुणा करून पुस्तकं परत करणारी, बसच्या तिकिटामागचा मजकूरसुद्धा न सोडणारी तू, आणि रहस्यकथा न वाचता ठेवलीस? मग ते वर्षभर न बरं होणारं मनगट आठवलं. मी वहिनींना फोन केला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग रडल्याच. (वहिनी, इथे थांबू नका, वाचत राहा. तिच्या चेहऱ्याकडे बघू नका.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा तू अंगात कणकण असल्याचं सांगून ती उडवून लावलीस. पुस्तक मांडीवर धरून तू रोज तासभर पानं उलटतेस, म्हणजे तुझ्या लेकाला, दादाला, कळू नये. हे ऐकून मला आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग खरं सांगतो, पुन्हा हायसं वाटलं. तुला वाचायचा कंटाळा आला असता तर मला काहीच करता आलं नसतं. डोळ्यांवर इलाज आहे.

तेव्हा कळवायचं ते एवढंच. सोमवारी बाईंना भेटून मी सगळ्या आव्हानांतून नाव काढून घेतलं. का ते खरं सांगितलं, सोळा पानांसकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की फळ्यावरच्या निम्म्या लोकांची हीच गत आहे, फक्त त्यांची पानं मोजलेली नाहीत. नव्या वर्षात मी एकदम मोकळा माणूस म्हणून जातोय. माझी काळजी नसावी. दादाला आणि वहिनींना नमस्कार, मांजराला यथायोग्य.

तुझा लबाड भाचा

ता. क. : सगळ्या आव्हानांतून नाव काढलं हे तितकंसं खरं नाही. बाईंनी जाता जाता एक कागद पुढे केला. दर आठवड्याला एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं, असं आव्हान होतं. दोन नावं लागतात, वाचणारा आणि ऐकणारा. मी तुला न विचारता तुझं नाव घातलं. शिक्क्याने शिक्का मारला, आता खोडता येत नाही. दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. तुझी ती लाल रहस्यकथा, वाचनालयाच्या प्रतीतून, एका रविवारी एक फर्मा. सोळा पानं मला जमतात हे तुला माहीतच आहे.

ता. क. दुसरा : पुस्तकाचे चौदा फर्मे आहेत. मी तेरा वाचीन. चौदावा वाचून दाखवणार नाही, वहिनींना वाचू देणार नाही, आणि खुनी कोण हे तू कितीही गोड बोललीस तरी सांगणार नाही. तो तू स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचास. डॉक्टर म्हणतात, तेरा रविवारांत डोळे छान तयार होतील. पहिल्या डोळ्याची तारीख येत्या गुरुवारची आहे. वहिनींनी ती मला विचारून घेतली आहे, त्यांच्यावर रागावू नकोस.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच हे सगळं लिहिलं : गुरुवारची रजा टाकली आहे. नऊला तुझ्या दाराशी येतो आणि तू बाहेर येईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहतो. कणकण आली तरी चालेल, कणकणीसकट चल. मावशी, भीती वाटत असेल तर वाटते म्हण. मलाही वाटतेय.