फिडलवरच्या काड्या

मंगळवार, ८ ऑक्टोबर १९२९
डॅलसहून ग्रामोफोन कंपनीच्या साहेबाचं पत्र आलं! शुक्रवारी आमच्या घरच्यांचं वाजवणं तबकडीवर घेणार! शाळा शिकलेली मीच, म्हणून मीच वाचून दाखवलं — आमचे हे फिडल घेऊन अंगणात नाचले. पन्नाशीचा माणूस! थोरला सायलस गिटारवर, धाकटा वॉटसन मँडोलिनवर. हे गज ओढणार आणि आमची फिबी शेजारी उभी राहून त्याच तारांवर दोन काड्यांनी ठेका धरणार. मी नाही. चर्चच्या मंडळीत नाव घातलं तेव्हाच फिडलला हात लावणं सोडलं; तिथं ते सैतानाचं वाद्य. डबा बांधून देईन.

बुधवार, ९
पेट्रोलपुरती अंडी विकली. मीठ पुढच्या आठवड्यात.

गुरुवार, १०
फिबीचा हात पोळला! पशोफ्याचं, मका-मांसाच्या खिमटीचं मोठं भांडं चुलीवरून उतरवताना. मलम लावलं. कण्हत म्हणते, "आई, आता तूच."
"वेडी का तू? पाळक मंडळीतून नाव कापतील माझं."
सायलस म्हणाला, "मग ठेका कोण धरणार? कोंबडा?"
काड्यांशिवाय आमचं वाजवणं चारचौघांसारखं. साहेब वाट धरायला सांगेल. शेवटी हे, फिडल पेटीत ठेवता ठेवता एवढंच — "तुझ्या बापाचा ठेका आता फक्त तुझ्याच हातात आहे. जबरदस्ती नाही."
प्रार्थना केली. देवबापा, काहीतरी बोल!

शुक्रवार, ११
वाजवलं! मीच! हॉटेलची खोली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. पाय आपटू नयेत म्हणून पायांखाली उशा! आम्ही इथले आदिवासी इंडियन ना, साहेब विचारतो, "पिसांचे टोप नाही आणले?" हे म्हणाले, "कोंबड्यांनी दिले नाहीत." वॉटसन फिसकन हसला. मग लाल दिवा लागला — आणि बाबांचा ठेका बोटांतून आपोआप! गजाच्या पुढे, गजाच्या मागे, तारा नुसत्या खदखदत होत्या! एकाच दमात झालं. साहेब काचेमागे मान डोलवत होता. तबकडी निघणार!!

शनिवार, १२
पाळक दारात. "नवऱ्याच्या, एलमच्या फिडलवर तू काड्या वाजवल्यास म्हणे. खरं का, बहिणी?"
"खरं."
"उद्या सगळ्यांपुढे उभी राहा. चुकले म्हण. नाहीतर नाव कापावं लागेल मला."
माणूस चांगला. डोळे भरले होते त्यांचे. कॉफी तशीच ठेवून गेले.

रविवार, १३
उभी राहिले. 'चुकले' म्हणायलाच गेले होते. तोंडून निघालं — "पुन्हा बोलावलं तर पुन्हा वाजवीन!"
नाव कापलं. बाहेर पायरीवर बसले. आत स्तोत्र सुरू झालं तेव्हा मीही म्हटलं — आतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा.