जुवाला लागलेली हळद

वैशाख शुद्ध ८, शके १८६२
सातवा लागला. सासूबाईंनी ओटी भरली. मोठ्या भावजींनी गुळाची ढेप पाठवली. खाल्ली नाही. म्हशीच्या आंबोणात घातली.
यापुढे त्यांना नुसतं भा. लिहीन. पूर्ण शब्द लिहायला हात वळत नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी त्यांनी थेट बोलायची रीत नाही, निरोप त्यांच्या बायकोमार्फत येतो, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. बरं आहे रीत आहे ते.

वैशाख वद्य ३
पेटीच्या तळाशी बापूचा सदरा निघाला. चार वर्षांचा होता.
एकदा लिहून ठेवते, म्हणजे कोणी बदलून सांगणार नाही. गेल्या पोळ्याला सकाळी त्याचा घसा धरला. दुपारी श्वास वाजायला लागला. पूर्ण्याला माझे वडील रेल्वेत, तिथे रेल्वेचा डॉक्टर. पिंगळी स्टेशन दोन कोस, तिथून आगगाडी. मधे ओढा, छातीइतकं पाणी. बैलगाडीच हवी होती. भा. ओसरीवरून म्हणाले, "पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठिवत न्हाईत. उद्या फाटं जुंपू." माझे मालक म्हणाले, दादा म्हणतात तर... गावात कोणीच जुंपत नाही, दुसरी गाडी कुठून आणणार. पहाटे जुंपली. ओढ्याच्या अलीकडेच बापू
येत्या पोळ्याला बैल तोरणाखालून दारात येतील. मागे गाव असेल. तेव्हा सगळ्यांदेखत भा.ना विचारणार: बैलाचा खांदा राखला, माझं लेकरू का नाही राखलं? वाक्य पाठ झालं आहे. दळताना म्हणते.

ज्येष्ठ शुद्ध १२
भा.चा पाय कुळवाच्या फासेने कापला. लंगडत आले. आक्का हळद शोधत होत्या. डबा माझ्यामागे फळीवर होता. मी सांगितलं नाही.

आषाढ वद्य २
मुलगा. सकाळी. सुईण म्हणाली, "बाई, हसंना ग ही, पोरगा झाला तरी."
बापूसारखा दिसत नाही. तेच बरं.

आषाढ वद्य ७
काल पाचवी. एक गेलेलं असलं की पुढचं आपलं म्हणायचं नाही, असं सासूबाईंचं. ज्या बाईचं एकही गेलं नाही तिला विकायचं. घरात तशी आक्काच. चार झाली, चारही जगली. बाळ सुपात घालून उंबऱ्यावर ठेवलं. आक्कांनी ओंजळभर कोंडा माझ्या पदरात टाकला आणि सूप उचललं. म्हणून नाव कोंडू. पहिला पोळा उलटला की सूपभर ज्वारी देऊन परत घ्यायचा.
मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, दुसऱ्या कुणाला द्या."
"का ग? परकं घर पायजे तुला?"
काय सांगणार.
भा. ओसरीवरून ऐकत होते. हसून म्हणाले, "चला, आमाला पाचवा झाला." दूध माझं, झोळी माझ्या खोलीत, आणि पाचवा त्यांचा.

श्रावण शुद्ध ४
भा. रोज सकाळी येतात, दाराबाहेर उभे राहून विचारतात, "काय म्हणायलंय आमचं कोंड्या?" विचारतात झोळीला. मी झोळी आतल्या भिंतीकडे फिरवली.
मालक म्हणाले, "किती दिवस धरशील?" म्हटलं, पोळ्यापर्यंत.

श्रावण वद्य १०
पिठोरीचं बोलणं निघालं. पोळ्याच्याच दिवशी दिवेलागणीला असते. लेकरं जगावीत म्हणून आईने पाठमोरं बसून वाण खांद्यावरून मागे धरायचं, विचारायचं, "अतीत कोण?" मागून लेकराने "मी" म्हणून आपलं नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. तान्ह्याचं घरातल्या कोणीही सांगावं.
गेल्या साली मीही बसले होते. तीनदा विचारलं. बापूचा आवाज निघेना. नुसता हात लागला.
यंदा कोंडूचं वाण आक्का धरणार. विकलेलं आहे ना.

श्रावण वद्य १४
खांदेमळणी. भा. स्वतः माणक्या-तांब्याच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते, बोटांनी, सावकाश. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलांशी इतकं गोड बोलतात.
उद्या.

श्रावण अमावास्या, पोळा
पहाटेपासून बाळाचं अंग तापलं. नाक वाजायला लागलं. तोच आवाज. दुपट्यात गुंडाळलं आणि चालतच निघाले. मालक मागून, "थांब तरी." थांबले नाही. यंदा पाऊस नाही. ओढा कोरडा, घोट्याइतकंही पाणी नाही. तासा-दीड तासात स्टेशनला पोचले असते.
वेशीपाशी मागून घुंगरं ऐकू आली. भा. गाडी घेऊन आलेले. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, अंगावर झूल. मारुतीपुढे तोरण बांधणारे खाली उतरून बघायला लागले.
पाटील म्हणाले, "काय रं, सणाला जुंपायलास? पाप कुठं फेडशील?"
"लेकरू माझं हाय. कोंडा मोजून घेतलंय."
"आरं पन बैल..."
"बैलाला मी सांगतो काय सांगायचं ते."
मालकांनी मला हात धरून गाडीत बसवलं. मी जुवाकडे बघत होते. काल चोळलेली हळद त्याला लागत होती, दर पावलाला थोडी.
पूर्ण्याच्या डॉक्टरने चमच्याने जीभ दाबून पाहिलं. "गला साफ है. सर्दी है नुसती. घाबरू नको, बाई." एक शिशी दिली.
दुपारच्या आगगाडीने परत. पिंगळीला भा. बैल सोडून सावलीत बसलेले. स्वतःची भाकरी त्यांना चारत होते. सकाळपासून भा.नी काही खाल्लं नव्हतं, असं आक्का नंतर म्हणाल्या.
गावात पोचेतो पोळा फुटून गेला होता. आमचीच जोडी तोरणाखालून गेली नाही. दारात गाव नव्हतं. वाक्य तसंच राहिलं.
दिवेलागणीला पिठोरी. आक्कांनी आपल्या चौघांची वाणं दिली आणि पाचवं माझ्या हातात ठेवलं. "धाकले, ह्याचं तू इचार."
भिंतीकडे तोंड करून बसले. वाण मागे धरलं. "अतीत कोण?"
हात दुखायला लागला. दुसऱ्यांदा विचारलं.
"मी. कोंडू."
भा.चा आवाज. या घरात आल्यापासून मला उद्देशून पहिल्यांदा. तिसऱ्यांदा विचारायचं असतं. मी विचारलं नाही. वाण मात्र सोडलंही नाही. दोन्हीकडून थोडा वेळ धरलेलं होतं.

भाद्रपद शुद्ध १
आज बापूचं वर्ष.
ताप उतरला. दूध नीट प्यायला.
मालक रात्रभर जागेच होते. म्हणाले, "आता तरी झालं ना? दादांनी गावाचं ऐकून घेतलं." म्हटलं, हो. जुंपता येत होतं, एवढं कळलं. ओढा कोरडा असताना जुंपली. भरलेला असताना नाही. ते उठून गोठ्यात गेले.
सूपभर ज्वारी निवडून उंबऱ्याच्या आत ठेवली आहे. सकाळपासून तिथेच. आक्का दोनदा येऊन बघून गेल्या. झोळी आज आक्कांनी ओसरीवर बांधली. भा. तिची दोरी धरून बसले आहेत, हलवत नाहीत, नुसती धरली आहे. माझ्याकडून ज्वारी घ्यायची वाट बघतात की मी तो प्रश्न विचारायची, कळत नाही.
जू त्यांच्या समोरच्या भिंतीला टेकवलेलं आहे. दोन्ही बाजूंनी पिवळं. आक्का घंगाळ्यात पाणी घेऊन आल्या होत्या, "पुसून टाकते ग."
म्हटलं, "राहू द्या आक्का. ते धुवायचं नाही."
भा.नी ऐकलं. मान वर केली नाही.